अर्धा चोक

कंबरेने दगा दिला म्हणून काकांनी आपली जुनी, छोटी जीप समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरणीला विकली, आणि तेव्हापासून त्यांचा सगळा जीव खिडकीत अडकला. दर रविवारी ती पोरगी चटई टाकून गाडीखाली शिरायची. कोपरापर्यंत ग्रीस, आणि वर शीळ! काकांचा नुसता जळफळाट व्हायचा.

"दात उपटणारीने गिअरबॉक्स उघडायचा, म्हणजे कमालच झाली!"

एकच समाधान होतं. चोक बरोबर अर्धा ओढल्याशिवाय थंड इंजिन सुरू व्हायचं नाही, आणि ही मेख काकांनी तिला मुद्दामच सांगितली नव्हती. सकाळी स्टार्टर खर्र खर्र करत रडायला लागला की त्यांना चहा गोड लागायचा.

त्या रविवारी मात्र गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. काका अनवाणीच रस्त्यावर धावले.

"कशी काय सुरू झाली?"

"काकूंनी सांगितलं ना, चोक अर्धाच ओढायचा!"

काका तणतणत घरात शिरले. "माझ्या गाडीची मेख तिला कशाला सांगितलीस?"

काकू आरशासमोर डोक्याला स्कार्फ बांधत होत्या.

"बॉनेटमध्ये डोकं घालून तुम्ही नुसते ओरडायचात. चोक ओढून किल्ली मीच फिरवायचे ना? आणि गाडी सुरू झाली की मला उतरवून तुम्ही एकटेच डोंगरावर."

बाहेर हॉर्न वाजला. काकूंनी गाठ घट्ट केली.

"ही पोरगी मला उतर म्हणत नाही."