थोरल्याचा वाढदिवस

बोटीच्या तिकीटखिडकीवरच्या कारकुनाला आसपासच्या तिन्ही जलाशयांची वयं तोंडपाठ होती. सहलीला आलेली मंडळी त्यावरून हुज्जत घालायला लागली, की तो बसल्या जागेवरून निकाल द्यायचा, "हा समोरचा थोरला, साठ वर्षांचा. टेकडीमागचा चव्वेचाळीसचा. आणि ती नवी हॉटेलं झालीत ना, तिथला म्हणजे शेंडेफळ, जेमतेम एकोणीस!"

आज थोरल्याचा वाढदिवस होता. धक्क्यावर फुगे लावले होते आणि खिडकीवर पाटी होती : जो जलाशयापेक्षा वयाने मोठा, त्याला बोटीची फेरी मोफत.

काठी टेकत एक आजी खिडकीशी आल्या. डोक्यावर औषधालाही काळा केस नव्हता.

"मी याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे. इथे पाणी चढलं तेव्हा चौथीत होते."

"आजी, तोंडी सांगून कसं चालेल? उद्या कुणीही उठेल आणि वय सांगेल. जन्माचा दाखला आणलाय?"

"तो कोण काढतंय तेव्हा! शाळेच्या रजिस्टरात तेवढी तारीख लिहिलेली आहे."

"मग झालं तर! शाळेत जा, उतारा घेऊन या, लगेच बसवतो. चला, पुढचे कोण?"

आजी बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी काठी उचलली आणि पाण्याच्या मधोमध रोखली.

 

"शाळेत जायलाच तर बोटीत बसायचंय, बाळा."