बासष्टवर थांबलेला आकडा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कापड रंगवण्याच्या तिसऱ्या टाकीतून उकळतं पाणी बाहेर सांडलं. एका कामगाराचा पाय घोट्यापर्यंत भाजला. त्या वेळी नियंत्रण कक्षात पडद्यासमोर मास्तर होते. एकतीस वर्षांची नोकरी आणि सगळ्यांच्या चुका काढायची खोड, म्हणून मास्तर. टाकी नव्वद टक्के भरली की पडद्यावरून झडप बंद करायची, हे त्यांचं काम. त्यांनी ती बंद केली नव्हती.

दोन वाजता साहेबांचा अहवाल तयार होता. कारण : ऑपरेटरला डुलकी. खाली दुरुस्ती विभागाच्या बाईंची सही हवी होती. ती झाली की मास्तर घरी जाणार होते, कायमचे.

"पोरी, पडद्यावर बासष्ट होतं," सहीसाठी आलेल्या बाईंना मास्तर म्हणाले. "शेवटपर्यंत बासष्टच."

"झोपेत काय, काहीही दिसतं," साहेब म्हणाले.

ती खाली उतरली. टाकीजवळच्या पेटीकडे गेली. पाण्याची पातळी मोजणारा पीएलसी, म्हणजे यंत्राचा छोटा संगणक, त्या पेटीत होता. तिथून एक केबल नियंत्रण कक्षातल्या संगणकापर्यंत जात होती. केबलच्या टोकाची खिट्टी तुटलेली होती. पंप सुरू झाला की पेटी थरथरायची आणि टोक सैल व्हायचं.

तिनं टाकीत गार पाणी सोडायला लावलं. साहेबांना पडद्यासमोर, मास्तरांच्याच खुर्चीत बसवलं. मग खाली गेली, मास्तरांनी वरून 'चाळीस' अशी हाक दिली तेव्हा पेटीतली केबल उपसली आणि वर आली. काचेपलीकडे टाकीत पाणी चढत होतं. पडद्यावर चाळीसच. पाच मिनिटं झाली. चाळीसच.

"साहेब, जागे आहात ना?" तिनं विचारलं.

मास्तर खोकल्यासारखं हसले. साहेब उठले. त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"संपर्क तुटला की भोंगा वाजतो, आकडा लाल होतो. तशी सोय आहे या यंत्रणेत."

"होती. मे महिन्यात बंद केली गेली."

"मग बंद करणाऱ्याचं नाव लिहा की, बाई! कोणीतरी घरी जायलाच हवं. मास्तर नाही तर तो." साहेब आता निवांत दिसत होते. "लिहा. मी थांबतो."

तिनं 'डुलकी' खोडलं. उभ्यानंच लिहिलं : 'भोंगा सारखा वाजतो म्हणून साहेबांनी तोंडी आदेश दिला. मी विरोध केला नाही. भोंग्याची सोय मी बंद केली.' खाली सही केली, वेळ टाकली आणि कागद साहेबांपुढे सरकवला.

"आता तुमची," ती म्हणाली.

साडेपाचला पाळी सुटली तेव्हा अहवालावर एकच सही होती.