घरघर

दादा डान्स म्युझिक बनवतो. गाण्यामागचे घुमणारे, सळसळणारे आवाज म्हणे त्याच्यासारखे कुणालाच जमत नाहीत. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून तो पहिल्यांदाच घरी आला आणि थेट त्यांच्या उशाशी जाऊन बसला.

“मुली कितीही राबल्या तरी शेवटी मुलगाच लागतो हो, वहिनी,” आत्या माझ्यादेखत आईला म्हणाली.

दादाने बाबांच्या छातीजवळ माइक धरला होता. बाबांनी कसेबसे डोळे उघडले. “कधी आलास रे?”

“बोलू नका, बाबा. नुसती घरघर हवीय.”

ते ऐकून आईला रडू आवरेना. मी तिला बाहेर न्यायला उठले, तर दादाने कानांवरचा हेडफोन दाबत मला हातानेच थांबवलं.

“राहू दे तिला इथेच. मागे छान येतंय.”