आई रागावली

हृदयाचे ठोके एकाएकी बेफाम धावायचे, म्हणून सात वर्षांच्या ओवीला घरात कुणी रागावत नसे. तिने खोडी काढली तरी बोलणी भावालाच बसायची. अखेर डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी घालून तिच्या हृदयातला दोष दूर केला आणि तिच्या आईला, शैलजाला, बजावलं, “आता हिला इतर मुलांसारखंच वागवा.”

दिवाळीत भावाने अंगणात मातीचा किल्ला बांधला. ओवीने तो मुद्दाम तुडवला.

“लाज नाही वाटत? आधी त्याची माफी माग.” शैलजा कडाडली आणि स्वतःच्याच आवाजाने गारठली. पोरीच्या छातीवर हात ठेवायला ती धावली.

ओवीने माफी मागितली, आईचा हात बाजूला केला आणि फाटकाशी पळाली. शेजारच्या काकूंना ती मोठ्या ऐटीत सांगत होती, “आज आई मला रागावली.”