वीसपैकी शून्य

"परत शून्य!" प्रतिभाताईंनी कपाळावर हात मारला. "जुईच्या आई, आता तुम्हीच बघा."

वसुधाने टॅबलेट हातात घेतला. वीस प्रश्न, वीस लाल फुल्या. शेजारच्या बुटक्या खुर्चीत जुई पाय हलवत बसली होती. हे सगळं जणू दुसऱ्याच कुठल्या मुलीबद्दल चाललं होतं.

भोपाळच्या बाग सेवनिया भागातल्या त्या शाळेच्या बालवर्गात जूनमध्ये टॅबलेट आले आणि प्रतिभाताईंच्या डोक्याचा निम्मा ताप गेला. पूर्वी सव्वीस पोरांमध्ये फिरून एकेकाचा हात धरून शिकवावं लागे. आता प्रश्न टॅबलेटच विचारी. बरोबर आलं की हिरवा तारा, वर शाब्बासकी, आणि पोर आपलं आपण पुढे जाई. लाल फुली आली तर तेवढ्यापुरतं ताईंनी शेजारी बसायचं, मांडीवर घ्यायचं, समजावायचं. जुईजवळ तर त्या रोज बसत. तरी पोरगी ढिम्म!

"पहिलीत नाही हो घेता येणार," ताईंचा आवाज पडला. "मोठ्या मॅडम म्हणतात, विशेष शाळेत पाठवा. मलाच कसंतरी होतंय, पण काय करू? इथे सही करा."

वसुधाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि ती थांबली. भोपाळच्या सांख्यिकी कार्यालयात तिची अकरा वर्षं गेली होती.

"एका प्रश्नाला चित्रं किती असतात?"

"चार. त्यातलं एक बरोबर."

"मग डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चार-पाच बरोबर आली असती. एकही नाही?"

प्रतिभाताईंनी मागचे अहवाल उघडले. शून्य. शून्य. सहा महिने शून्य. त्या जुईसमोर खाली फरशीवर बसल्या.

"राणी, मघाशी पाच पेढे कुठल्या ताटात होते गं?"

"निळ्या," जुई टॅबलेटकडे न बघताच म्हणाली.

"अगं, मग लाल ताटावर का बोट ठेवलंस?"

जुईने आईकडे पाहिलं, मग ताईंकडे. ताईंच्या साडीचा पदर तिने मुठीत धरला.

"हिरवा तारा आला की तुम्ही येतच नाही."