पलीकडच्या काठावरची गोधडी

तेरा प्रश्नांची उत्तरं लोईकनं भरून दिली होती. चौदाव्यापाशी येऊन त्यानं पेन खाली ठेवलं.

"परदेशात कोणी नातेवाईक आहे का?" त्यानं मोठ्यानं वाचलं. "हे तूच ठरव, आई." एवढं म्हणून तो शाळेत शिकवायला निघून गेला.

सावसान अर्ज मांडीवर घेऊन बसली. गेली पन्नास वर्षं या प्रश्नाला त्यांच्या घराचं एकच उत्तर होतं: नाही. नवऱ्यानं तेच लिहिलं, आणि लोईकनं कम्युनिस्ट पक्षात जाताना तेच लिहिलं. ज्या दोन शेजाऱ्यांनी खरं लिहिलं होतं, त्यांना बायकामुलांसकट ट्रकमध्ये घालून नेलं. ते कुठं गेले, हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती.

आणि बहीण तर समोरच राहत होती. पंज नदी तिथं इतकी अरुंद होती, की अफगाण काठावरचं कुत्रं भुंकलं तर इकडं ऐकू यायचं. थोरली दवलतमो लग्न करून पलीकडं गेली तेव्हा ती नुसती नदी होती. दोन वर्षांनी सोव्हिएत सरकारनं इकडच्या काठावर काटेरी तारा ठोकल्या. हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही, असा हुकूम निघाला. शेवटच्या भेटीत दवलतमो म्हणाली होती, "नवरोजला लाल गोधडी भिंतीवर वाळत घालीन. दिसली की समज, मी आहे. तूही घाल."

तेव्हापासून नव्या वर्षाचा एकही नवरोज चुकला नव्हता. तुतीच्या झाडांआडून त्या घराची नदीकडची तेवढी भिंत दिसायची. हल्ली धूर दिसत नसे, पण युद्धात हेलिकॉप्टरच्या भीतीनं तिकडं दिवसा चूल कोण पेटवणार? गोधडी मात्र दिसायची. तेवढ्यावर सावसान वर्ष काढायची.

आता रेडिओवर सांगत होते, की तिकडच्या युद्धातून आपल्या फौजा परत येणार. ज्यांचं पलीकडं सख्खं माणूस आहे, त्यांना एक दिवस होडीनं जाऊ देणार, अशी कुणकुणही होती. फक्त अर्जात खरं लिहायचं. लिहिलं आणि उद्या वारं फिरलं, तर लोईकची नोकरी जाणार. नाही लिहिलं, तर बहीण एक दिवस अशीच निघून जायची. सावसान सत्तरीची, तर दवलतमो पंचाहत्तरीची.

सरहद्दीची चौकी आणि गस्तीची होडी ज्याच्या ताब्यात होती, त्या कॅप्टन झुबारेवकडून तिला काडीची आशा नव्हती. परवाना घेऊन काठावर वाहून आलेली लाकडं गोळा करायला ती रोज जायची, तेव्हा तारांच्या फाटकावर त्यानंच हटकलं होतं.

"आजी, अर्जाची घाई करू नका. पुढच्या वर्षी बघू."

दगड आहे मेला, असं तिच्या मनात आलं. चार वर्षांपूर्वी चौकीमागच्या टेकडीवरून तीन दिवस तोफा चालल्या, तेव्हाही त्याची भाषा अशीच तुटक होती. गोळे कुठं पडले, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. "रिकाम्या शेतांत," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "का? तिकडं कोणी आहे तुमचं?" "माझं कोण असणार, साहेब?" असं ती म्हणाली, आणि त्यानं मान खाली घातली.

त्याच थंडीत त्याची फजिती झाली. "सरहद्द अभेद्य आहे" असं पिवळ्या रंगात लिहिलेला फाटकावरचा लाल कापडी फलक कोणीतरी पळवला. वरून चौकशी आली आणि बढती गेली. बाकीचे अधिकारी दोन वर्षांत बदलून जायचे, हा इथंच कुजत राहिला. गाव पोट धरून हसलं. सावसाननंही तोंडसुख घेतलं होतं, "साहेब, आधी आपलं फडकं सांभाळा, मग सरहद्द सांभाळा." तो रागावला नाही. उलट थोडा हसलाच.

पुढच्या नवरोजला दवलतमोची गोधडी नवी कोरी, लालभडक दिसली होती. तोफांनंतरचा तो नवरोज. सावसान आनंदानं रडली होती.

आजही नवरोज होता. खांबांवर पिठाची नक्षी काढून, मीठ-लोण्याचा चहा घेऊन तिनं आपली गोधडी छपरावर टाकली आणि नदीकडं पाहिलं. पलीकडं लाल दिसत होतं. तिनं पेन उचललं आणि चौदाव्या प्रश्नासमोर हळूहळू अक्षर जुळवत लिहिलं: आहे.

अर्ज ओढणीच्या टोकाला बांधून ती काठावर आली तोच वारा सुटला. दरीतला मार्च महिन्यातला वारा, माणूस उभा राहू देत नाही. पलीकडची गोधडी भिंतीवरून उठली, गरगरत पाण्यात पडली, आणि जिथं रोज लाकडं अडकायची त्या वळणाला, तिच्या पायाशी येऊन लागली.

सावसाननं लाकडं ओढायची आकडी टाकून ती ओढली आणि ओलीच छातीशी धरली. पन्नास वर्षांत बहिणीच्या हातची वस्तू पहिल्यांदा हाताला लागत होती.

"आजी, सोडा ते!" झुबारेव टेकडीवरून धावत येत होता, टोपीशिवाय, धापा टाकत. "घाण आहे. तुमचं नाही ते."

"माझंच आहे." तिनं गोधडी आणखी घट्ट धरली. "माझ्या बहिणीचं आहे. सख्ख्या बहिणीचं. लिही तुझ्या कागदावर, जा."

त्यानं काहीच लिहिलं नाही. तो चिखलात गुडघ्यांवर बसला आणि दुसरं टोक धरून ती गोधडी तिच्याकडून काढून घेऊ लागला. "द्या ना, आजी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सावसान सोडेना. ओढाताणीत जाड खाकी दोऱ्याच्या शिवणीचे मोठाले, बेढब टाके तटातट उसवले.

आत कापूस नव्हता. नुसतं दुमडलेलं लाल कापड होतं, आणि त्याच्या आतल्या अंगावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं: सरहद्द अभेद्य आहे.