ओहोटीतली बुडी

“हे तुम्हाला पटणार नाही. पटलं, तर मीच सांगायला कमी पडलो म्हणायचं,” हरिदास म्हणाले आणि समोशांची बशी त्यांनी मुलाच्या पुढ्यातून स्वतःकडे ओढली.

श्रीकांतने घड्याळ पाहिलं. ब्याण्णवच्या सप्टेंबरातल्या त्या रविवारी बायकोला घेऊन तो रीडिंगहून लंडनमधल्या वेम्बलीला आला होता, तो काही गोष्टी ऐकायला नव्हे. उद्या सकाळी इस्टेट एजंट येणार होता. हे घर विकायचं आणि आईबाबांना रीडिंगला आपल्याजवळ, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं. जानेवारीत आई जिन्यात पडली, तेव्हापासून त्याने ठरवून टाकलं होतं. एकट्यानेच.

यमुनाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत मेथी निवडत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हरिदासांना विचारलं होतं आणि त्यांनी चक्क नाही म्हटलं होतं; पण ते ‘नाही’ श्रीकांतने “वी विल सी, बाबा” म्हणून बाजूला ठेवून दिलं होतं. आता म्हाताऱ्याच्या हातात उरली होती ती फक्त जीभ. ती मात्र चांगली परजलेली होती.

“ब्रूम,” ते म्हणाले. “ऑस्ट्रेलियाच्या पार वरच्या डाव्या कोपऱ्यात. जूनमध्ये आम्ही हिच्या भाचीकडे गेलो होतो ना, तेच. भाची नर्स आहे म्हणून तूच सोडलंस आम्हाला. हिच्या माहेरासारखी लालभडक माती. गावात काही नाही, पण एके काळी अर्ध्या जगाच्या शर्टांना बटणं पुरवायचं ते गाव. शिंपल्यांची बटणं! मोती काढायला जपानी पाणबुडे उतरायचे. किती तरी वर आलेच नाहीत. त्यांचं कबरस्तान आहे तिथे.”

“आणि मोती, बाबा?” श्रीकांतच्या बायकोने, रश्मीने विचारलं. तिला गोष्ट आवडायला लागली होती.

“थांब गं. आधी ओहोटी. वेम्बलीहून अल्पर्टनला चालत जावं ना, इतका लांब मागे सरतो समुद्र. बोटी चिखलात बसतात, म्हशी बसाव्यात तशा. आमची बोटही बसली होती. जुनी, लाकडी, मोत्यांवर जाणारी. कप्तान म्हणाला, कोण उतरतंय? गोरे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी!”

“तुम्हाला पोहता येत नाही,” श्रीकांत म्हणाला.

“पायात शिशाचे बूट आणि डोक्यावर तांब्याचा टोप घातल्यावर पोहायचंय कुणाला? गेलो सरळ खाली. काळोख! आणि समोर कोण? शार्क. त्र्याऐंशी नंबरच्या बसएवढा.”

“अगंबाई! मग?”

“मग काय. तीस वर्षं लंडनमध्ये काढलेला माणूस मी, रांग मोडतो की काय? थांबलो. म्हटलं, आफ्टर यू. गेला बिचारा.”

रश्मी खो खो हसली. हरिदासांनी हळूच कोपऱ्याकडे पाहिलं. यमुनाबाईंची मान मेथीतच होती. परतीच्या विमानात त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, ‘त्या दिवसाचं श्रीकांतला एक अक्षरही खरं सांगायचं नाही. कळलं तर पुन्हा दाराबाहेर पाय ठेवू देणार नाही तो.’ हरिदास शब्दाला जागत होते. ते एक अक्षरही खरं सांगत नव्हते.

“थाळीएवढा शिंपला काढून आणला मी वर,” त्यांनी आवाज चढवला. “तर मुद्दा असा, की समुद्राच्या तळाशी जाऊन आलेल्या माणसाला तू तळमजला दाखवतोस? नाही येत आम्ही रीडिंगला. तुझ्या एजंटला सांग, ‘विकणे आहे’ची पाटी स्वतःच्या घरापुढे लाव म्हणावं.”

 श्रीकांत मऊ आवाजात म्हणाला, “फाइन. तुम्ही मारा बुड्या. प्रश्न तुमचा नाहीच आहे, बाबा. बेडरूम वर, बाथरूम वर. आईला नाही जमणार आता. तुम्ही खाली गेलात तेव्हा आई काय करत होती, ते सांगा ना.”

हरिदासांची जीभ पहिल्यांदाच अडखळली. आता खरं सांगावं तर शब्द मोडतो, आणि खोटं सांगावं तर घर जातं.

“ती... बोटीवरच होती,” ते म्हणाले. “सावलीत. मी वर येईपर्यंत छत्री धरून बसली होती बिचारी.”

“एक्झॅक्टली,” श्रीकांत म्हणाला.

“खोटं!”

यमुनाबाईंनी मांडीवरच्या मेथीच्या काड्या झटकल्या.

“बोट चिखलात बसलेली, मग हे बुडी कशात मारणार? पाणी होतंच कुठे? तिथल्या दोघी-तिघी बायका टोपल्या घेऊन शिंपले वेचायला निघाल्या होत्या. आमच्याकडे ओहोटीला कालवं काढायला जातात, तशा. मी म्हटलं, मीपण येते.”

“आई, तू?”

“कासोटा मारला आणि उतरले. छत्री धरून बसले होते ते हे.”

हरिदास एकदम समोसा निरखायला लागले.

“चांगली लांबवर जाऊन आले, आणि भरती लागायच्या आत परत वरही चढले,” यमुनाबाई म्हणाल्या. “बोटीच्या शिडीला कठडा नसतो, श्रीकांत.”